घड्याळवाल्याला कोणी मारलं

डिचोलीतल्या त्या वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा सुरू व्हायच्या आधी यशवंतबाब उठायचे, उपरणं सारखं करायचे आणि सिनेमाची गोष्ट सांगायचे. थोडीशी नव्हे, सगळी. कोण मरतं, कोण पळून जातं, शेवटी कोण कोणाच्या पाया पडतं, सगळं. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. दशावताराला जाणाऱ्या माणसाला कीचक मरणार हे घरून निघतानाच ठाऊक असतं. आजचं आख्यान काय, असं विचारूनच तो चटईवर टेकतो, आणि मग कीचक कसा मरतो ते डोळे फाडून बघतो. ज्याला आख्यान माहीत नाही त्याला समोरचं काय कळणार, असं यशवंतबाबांचं मत होतं. ते वाचनालयाचे अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांचं मत हाच नियम होता.

गौरवीला हा नियम भातातल्या खड्यासारखा लागायचा.

गौरवी पेडण्याची. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि डिचोलीच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली. राहायला सुलोचनामावशीकडे. शाळेच्या अडगळीत एक सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर पडला होता. तो तिनं उघडला, खनिजाची लाल धूळ झटकली, पट्टा बदलला, फिल्मच्या कडेचा आवाज वाचणारा छोटा दिवा म्हापशाहून शोधून आणला आणि मशीन चालू केलं. पुण्याच्या एका संस्थेकडून सिनेमाची रिळं मिळवायची व्यवस्थाही तिनंच लावली. संस्थेची अट एकच होती, सिनेमा दाखवायला कायमची जागा हवी. जागा यशवंतबाबांच्या हातात होती. त्यांनी ती दिली, पण देताना भर सभेत म्हणाले की पोरीनं मशीन फिरवावं, सिनेमा समजावून सांगायला आम्ही आहोत. तेव्हापासून दोघांचं एकमेकांशी कामापुरतंच बोलणं होतं, आणि तेही दुसऱ्या कोणाकडे तरी बघत.

मौज अशी की यशवंतबाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते शिकले पोर्तुगिजांच्या काळात. पोर्तुगीज फाडफाड बोलत, मराठी तर उभा जन्म शाळेत शिकवलेली. इंग्रजीची मात्र त्यांची गाठच पडली नाही. म्हणून सिनेमा इंग्रजी असला की आदल्या दिवशी ते गौरवीला बोलावून गोष्ट विचारून घेत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पुस्तक वाचून आल्यासारखी सांगत.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात जो सिनेमा आला तो काळा-पांढरा, खुनाचा. एका बंदराच्या शहरात घड्याळांचं दुकान चालवणारा म्हातारा दुकानातच मेलेला सापडतो. त्याची तरुण बायको, त्याचा दारुडा भाऊ आणि त्यांच्या घरी येणारा एक प्रतिष्ठित डॉक्टर, एवढीच मुख्य माणसं. शनिवारी शाळा सुटल्यावर गौरवीनं खिडक्या लावून प्रयोगशाळेच्या भिंतीवर तो बघितला आणि तिचा संशय विधवेवर गेला. जावा अशीच योजना होती. ती बाई पडद्यावर येते तेव्हा तिचा अर्धा चेहरा काळोखात असतो. खिडकीच्या झडपेच्या पट्ट्यांच्या सावल्या तिच्या अंगावर तुरुंगाच्या गजांसारख्या पडतात. मग शेवटच्या रिळात कळतं की खून डॉक्टरनं केला.

गौरवी उठली, पहिलं रीळ पुन्हा लावलं आणि या वेळी तोंडं बघायची सोडून दिवे बघायला लागली. दिवा कुठे आहे, उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडायला हवी. तेव्हा तिच्या लक्षात आलं की डॉक्टर कुठेही उभा राहो, त्याच्या चेहऱ्यावर सावली पडत नाही. दिवा पाठीमागे असला तरी तोंड लख्ख. आधी तिला ती छायाचित्रकाराची चूक वाटली. पण तीच चूक दर वेळी होत असेल तर ती चूक नसते. अख्ख्या सिनेमात अंधार फक्त निर्दोष माणसांवर पडत होता. कॉलेजात तीन वर्षं तिनं प्रकाश शिकला होता. काळोख असा मोजूनमापून वापरता येतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती त्या भिंतीसमोर बसून एकटीच हसली.

हा सिनेमा गोष्ट ठाऊक नसताना बघायचा. शेवट कळला की आपण कसे फसलो हे आठवून बघायचं. उद्या यशवंतबाब उठून डॉक्टरचं नाव सांगणार आणि सगळा काळोख फुकट जाणार.

संध्याकाळी त्यांच्या घरच्या सोप्यावर तिनं त्यांना हे समजावून बघितलं. एवढा एकच सिनेमा आख्यानाशिवाय दाखवूया म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पान लावत विचारलं, तिच्या मनात गावच्या लोकांना आंधळं करून बसवायचं आहे काय. मग म्हणाले, "लोकांनी काय बघावं ते आता दिवा लावणारीण ठरवणार? तू गोष्ट सांग आणि जा."

गौरवीनं गोष्ट सांगितली. घड्याळवाला सांगितला, भाऊ सांगितला, डॉक्टर किती भला माणूस आहे तेही सांगितलं. शेवटी कोण निघतं, असं त्यांनी विचारलं.

"बायको," गौरवी म्हणाली.

"मला वाटलंच," यशवंतबाब म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

घरी परतताना तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट, एखादा प्रयोग नीट जमल्यासारखं वाटलं. लोक चुकीच्या माणसावर डोळा ठेवून बसतील, म्हणजे ज्यानं सिनेमा बनवला त्याला हवं होतं तेच करतील. शेवटी यशवंतबाब तोंडावर पडतील, तो वरचा फायदा. शेवटानंतर काय होईल याचा मात्र तिनं हिशेब केला नव्हता.

आणि तो करायला हवा होता, कारण ते वर्ष तसं होतं. फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला होता, महिनाअखेरीला वेगळं घटकराज्य होणार असं बोललं जात होतं, आणि गावात माणसं कोणत्या बाजूची आहेत ते बघून एकमेकांच्या लग्नाला जात होती. भांडण मराठीचं आणि कोंकणीचं. दोन्हीकडचे भांडताना एकाच बोलीत शिव्या देत, ती गोष्ट निराळी. यशवंतबाब मराठीचे. सुर्ल्याहून येणारा प्रज्योत कोंकणीचा. तो खाणीच्या ऑफिसात नोकरीला होता, इंग्रजी चांगलं होतं आणि जीभ त्याहून तिखट होती. सिनेमाला तो चार-पाच मित्रांना घेऊन यायचा आणि उजव्या भिंतीला लागून बसायचा. त्या बाजूला दुसरं कोणी बसत नसे.

रविवारी दुपारी गौरवीनं झरोक्यांना काळा कागद डकवला, दाराला गोणपाट लावलं. सभागृह भट्टीसारखं तापलं तरी भरलं. पुढे चटईवर धाकू बसला होता. धाकूनं जन्मभर दशावतारात राक्षसाची कामं केली होती, आता गुडघे गेले होते, पण डोळ्यांची भूक गेली नव्हती. यशवंतबाब उठले.

त्या दिवशी ते रंगात होते. घड्याळवाल्याचं घर त्यांनी असं उभं केलं की लोक पंख्याचा वारा घ्यायचे थांबले. मग विधवेकडे वळले. खून हिनंच केला, हे सांगून ते तिथे थांबते तरी निभावलं असतं. ते थांबले नाहीत. ही बाई त्या घरात राहिली, त्या घरचं अन्न खाल्लं आणि त्याच घराच्या गळ्याला नख लावलं, असं म्हणाले. अशी माणसं आपल्याकडेही आहेत म्हणाले, ज्या भाषेनं त्यांना शिकवलं तिलाच ती आज परकी म्हणतात. बोलताना ते उजव्या भिंतीकडे बघत होते. शेवटी सावकाश म्हणाले, "तेव्हा त्या विधवेवर नजर ठेवा. तिला ओळखलंत की गावातलेही ओळखाल."

डावीकडून टाळ्या पडल्या. प्रज्योत मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसला होता. गौरवीचा हात दिव्याच्या बटणावर होता. बटण दाबण्याआधी दोन शब्द बोलता आले असते. यशवंतबाब, माझी सांगण्यात चूक झाली, एवढंच. तिनं बटण दाबलं.

सिनेमा लोकांनी असा बघितला की तसा तिथे आधी कोणी बघितला नव्हता. विधवेनं पाण्याचा पेला उचलला तरी धाकू पुटपुटायचा, बघा, आता वीख घालतली. तिनं रुमाल काढला की बायका एकमेकींना कोपर मारायच्या. डॉक्टर आला की सगळे सैल होऊन बसायचे. गौरवी प्रोजेक्टरमागून पडद्याऐवजी माणसांच्या पाठी बघत होती. तिची योजना तंतोतंत चालली होती.

शेवटच्या रिळात डॉक्टरच्या हातमोज्यातून घड्याळाची किल्ली खाली पडली. इंग्रजी कळायची गरजच नव्हती. विधवा खिडकीशी गेली, झडप उघडली, आणि पहिल्यांदाच तिच्या सबंध चेहऱ्यावर ऊन पडलं.

यशवंतबाब पहिल्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसले होते.

मग उजव्या भिंतीकडून प्रज्योतचा आवाज आला. चढा नव्हता, शांत होता. "यशवंतबाब, बायल सुटली. आता हो गावचो दोतोर कोण, तेंय सांगात."

आधी हसू फुटलं, तेही दोन्ही बाजूंनी. त्या हसण्यानंच घात केला. डावीकडच्या कोणीतरी प्रज्योतच्या आईचं नाव घेतलं. मित्र उठले. एक खुर्ची उडाली, ती पडद्यातून आरपार गेली. दुसरी धाकूच्या कपाळावर बसली. गोणपाट कोणीतरी ओढून काढलं आणि ऊन आत घुसलं. गौरवीनं मशीन बंद केलं, रीळ पोटाशी धरलं आणि टेबलाखाली बसली. तिथून तिला धाकू दिसत होता. कपाळावर हात दाबून तो शेजाऱ्याला विचारत होता, "पण मारलो कित्याक? ते काय दाखयलें?"

धाकूला टाके पडले. सभागृहाला कुलूप लागलं. वाचनालयाच्या कमिटीची बैठक गुरुवारी ठरली आणि त्यात सिनेमे कायमचे बंद होणार, असं सुलोचनामावशी बाजारातून ऐकून आली. झालं ते बरंच झालं, असं मावशीचं म्हणणं. मुलीच्या जातीनं गावचे पुरुष काळोखात एकत्र बसवूच नयेत.

मंगळवारी दुपारी यशवंतबाब प्रयोगशाळेत आले. सुट्टी लागली होती, शाळेत कोणी नव्हतं. गौरवी भिंगं पुसत होती. त्यांनी दार उघडं ठेवलं, स्टूल ओढलं आणि बसले. तिला ते पहिल्या दिवसापासून अगे-तुगे करत. आज सुरुवातच निराळी झाली.

"तुम्ही मला विधवा सांगितलीत."

"हो."

"तुम्हाला डॉक्टर ठाऊक होता."

"होता."

ती खोटं बोलली नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "का?"

"तुम्ही सांगितलं असतंत म्हणून."

"मग धाकूचं कपाळ कोणाच्या नावावर लिहू?"

"अर्धं माझ्या," गौरवी म्हणाली. "सिनेमात भाषा मी आणली नव्हती."

हे त्यांना लागलं. ते उठतील असं तिला वाटलं, पण ते बसूनच राहिले आणि धडा शिकवताना बोलावं तसे बोलायला लागले. गुरुवारी तिनं कमिटीपुढे दोहोंपैकी एक सांगायचं. एक म्हणजे तिला सिनेमाचं इंग्रजी कळलं नाही, त्यामुळे गोष्ट चुकीची सांगितली गेली. मग चूक एका पोरीच्या अज्ञानाची ठरेल, ते तिला सर्वांसमक्ष क्षमा करतील आणि सभागृह उघडेल. दुसरं म्हणजे मुद्दाम खोटं सांगितलं हे कबूल करायचं. मग कुलूप राहील आणि मशीन शाळेच्या अडगळीत जाईल.

"दुसरं सांगितलं तर एका पोरीनं मास्तरला नाचवलं हे सगळ्या तालुक्याला कळेल," गौरवी म्हणाली.

"कळेल. म्हणूनच जिने चढून आलो, नाहीतर तुमचं तोंड बघायला आलो नसतो." ते दारापर्यंत गेले आणि मागे वळून न बघता म्हणाले, "मूर्ख की लबाड, तुमचं तुम्ही ठरवा."

दोन दिवस गौरवी नीट जेवली नाही. लबाड म्हणवून घ्यायला तिची तयारी होती, त्यात निदान अक्कल तरी शाबूत राहत होती. पण मग सभागृह गेलं. पुण्याची रिळं गेली. पुन्हा भिंगं पुसणं आणि मुलांच्या वह्यांतले चुकलेले अपवर्तनांक. मूर्ख म्हणवून घेतलं तर सभागृह राहतं, पण पुढच्या सिनेमाच्या आदल्या दिवशी पुन्हा तोच सोपा, तेच पान, तोच प्रश्न. तिनं उदाहरण सोडवताना करतात तसं केलं. मूर्ख हे उत्तर खरं धरलं आणि त्यातून पुढे काय काय निघतं ते एकेक पायरी बघत गेली. एका पायरीवर तिचा हात थांबला. तिनं ती पायरी पुन्हा तपासली. मग मावशीकडे भात मागितला.

बैठकीला सातजण होते. धाकू कपाळाला पट्टी बांधून दारात बसला होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. यशवंतबाबांनी प्रास्ताविक केलं आणि गौरवीला बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली. "मला त्या सिनेमातलं इंग्रजी कळलं नव्हतं," ती म्हणाली. "यशवंतबाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. चूक माझी."

कमिटीत हायसं वाटल्याची कुजबुज झाली. कॉलेजात जाऊन हेच शिकल्या काय, असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. यशवंतबाब क्षमेचं वाक्य बोलायला तोंड उघडत होते. गौरवी बसली नव्हती.

"आणि खरं सांगायचं तर पुढेही कळेलसं वाटत नाही," ती म्हणाली. "मशीन मी चालवीन. पण गोष्ट यापुढे माझ्याकडून घेऊ नये. परत चुकली तर परत कोणाचं तरी डोकं फुटेल."

यशवंतबाबांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांना कळायला जेवढा वेळ लागला तेवढा बाकीच्यांना लागला नाही, कारण बाकीच्यांना त्यात कळण्यासारखं काही नव्हतंच. मुलीला इंग्रजी येत नाही, तिनं ते कबूल केलं, गोष्ट तिला विचारायची नाही, सरळ आहे. खजिनदारानं विचारलं की मग आख्यान कोण लावणार, गावात एवढं इंग्रजी येतं कोणाला. दारातून धाकू म्हणाला, सुर्ल्याच्या प्रज्योताक येता.

"त्याचं नाव या इमारतीत घ्यायचं नाही," यशवंतबाब म्हणाले.

ते गौरवीकडे बघत होते. या खेपेला तीही सरळ त्यांच्याकडे बघत होती. ती मूर्ख नाही, हे खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते बोलायची सोय त्या माणसानं स्वतःच ठेवली नव्हती. त्यांनी क्षमा केली. सभागृह उघडायचा ठराव एकमतानं झाला.

राज्य झालं, मिरवणुका निघाल्या, दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं सांगितलं. जुलैत पुढचा सिनेमा आला. हाही खुनाचाच, हाही काळा-पांढरा. मधल्या काळात गौरवीचा किस्सा गावभर झाला होता. शाळेची मुलं तिला बघून घड्याळात किती वाजले विचारत आणि पळत. बाजारात बांगडे विकणारी शेवंती मोठ्यानं म्हणाली होती, बाय, माशांची भाषा तरी कळता मगे? ज्या गोष्टीत तिला गावातल्या कोणाहूनही जास्त कळत होतं, त्याच गोष्टीत तिला आता कोणी काही विचारणार नव्हतं. सावलीबद्दल, दिव्याबद्दल तिनं काही सांगायला तोंड उघडलं असतं तर लोक दयेनं हसले असते.

सिनेमाच्या दिवशी नवा पडदा लावला होता. प्रज्योत आला नाही, मित्र आले. यशवंतबाब सवयीनं उठले. उपरणं सारखं केलं. लोक गप्प झाले आणि वाट बघायला लागले. ते उभे राहिले. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि ते नुसते उभे होते. मागून कोणीतरी म्हणालं, "आख्यान कितें, मास्तर?"

त्यांनी प्रोजेक्टरकडे बघितलं. गौरवी फिल्म दातेरी चाकात बसवत होती आणि त्या कामात फार गुंतल्यासारखी दिसत होती.

"बघा," यशवंतबाब म्हणाले आणि बसले.

तिनं दिवा घालवला. पडद्यावर ओला रस्ता आला, रस्त्यावर हॅट घातलेला एक माणूस आला. दिव्याच्या खांबाखालून जाताना त्याची सावली त्याच्या पुढे पडायच्या ऐवजी क्षणभर मागेच राहिली. गौरवी पुढे वाकली. तिनं हा सिनेमा आदल्या दिवशी मुद्दाम बघितला नव्हता.

धाकू चटईवरून सरकत प्रोजेक्टरपाशी आला होता. कपाळावरची खूण त्या हलत्या उजेडात दिसत होती. "बाय," त्यानं हळूच विचारलं, "हो बरो काय वायट?"

तिला काहीतरी दिसलं होतं आणि ते सांगायची तिला अनावर इच्छा झाली. पहिल्या खुर्चीवर यशवंतबाबांचं डोकं किंचित तिच्या बाजूला वळलेलं होतं.

"माका कळना, धाकूमामा," ती म्हणाली.